पाहुण्यांसाठी झाडलेलं जहाज

काळ्या समुद्राच्या तळाचा गाळ नासक्या अंड्यासारखा वास मारतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करत होते तेव्हा आमच्या लॅबच्या फ्रिजमध्ये त्या गाळाच्या बाटल्या होत्या आणि आठवड्यातून एकदा त्यातला चमचाभर गाळ काढून तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. हातमोजे घालून, मास्क लावूनही तो वास केसांत शिरायचा. कॅम्पस बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची. रूममेटनं स्पष्ट सांगून टाकलं होतं, आधी अंघोळ आणि मगच किचन. मला त्या वासाची इतकी शिसारी बसली होती की दोन वर्षं मी अंडं खाल्लं नाही.

पण आमचं सगळं संशोधन त्या घाणीवरच उभं होतं. त्या समुद्रात ठरावीक खोलीच्या खाली प्राणवायू नाही, नुसता हा वास मारणारा वायू. लाकूड पोखरणारे किडे तिथे जगत नाहीत. त्यामुळे दोन-सव्वादोन हजार वर्षांपूर्वी बुडालेली जहाजंही तळाशी जशीच्या तशी बसलेली सापडतात. तेलाखाली बुडालेल्या लोणच्याला बुरशी धरत नाही, तसाच हा प्रकार. इतर समुद्रांत एवढ्या जुन्या जहाजाचं काय उरतं तर मातीच्या कुंभांचा ढीग. इथे डोलकाठी उभी असते, फळ्यांवर सुताराच्या हत्यारांच्या खुणा दिसतात.

मला इतिहासाचं काडीचं प्रेम नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मी नागपूरची, सिव्हिल इंजिनियर. पाण्याखाली काढलेले हजारो फोटो एकमेकांना जोडून त्यांचा एक मोठा नकाशा करायचा, एवढी माझी कला. माझ्या गाईड बाईंना असा माणूस हवा होता आणि मला अमेरिका हवी होती. त्या समुद्रविज्ञानातल्या मोठ्या बाई. आवाज कधी चढवायच्या नाहीत, कॉफीचा मग सतत हातात, आणि समोरच्यानं आपणहून होकार द्यावा अशा बेतानं बोलायच्या. सुरुवातीला मला त्या फार सुसंस्कृत वाटायच्या.

आमच्यापैकी कुणी त्या जहाजाजवळ गेलेलं नव्हतं. मोहिमेची बोट तिकडे समुद्रात, तिच्यावरून केबलला बांधलेलं एक यंत्र दोन किलोमीटर खाली सोडलेलं. त्या यंत्रात माणूस नसतो. बोटीवर बसलेला पायलट ते चालवतो आणि त्याच्या कॅमेऱ्यात जे दिसतं ते उपग्रहावरून थेट पेनसिल्व्हेनियात, आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पडद्यावर येतं. कानाला हेडफोन लावून त्या पडद्यासमोर बसायचं आणि जे दिसेल ते वेळेसकट नोंदवहीत टाइप करायचं. नोंदवही म्हणजे कॉम्प्युटरवरची फाइल. एकदा ओळ टाकली की ती पक्की, नंतर बदलता येत नाही. फोटो खराब आले, व्हिडिओ गेला, तरी नोंदवहीवर सगळ्यांचा भरवसा. त्या मोसमात ती माझ्या हातात होती.

आता काकांबद्दल. काका माझे कुणी नव्हते. त्या गावातल्या पहिल्या दोन-तीन मराठी घरांपैकी एक त्यांचं. मूळचे मालवणकडचे, आयुष्यभर हॉस्पिटलात भूल देण्याचं काम केलेले आणि आता निवृत्त. गावात धड इंडियन दुकान नाही, आम्हा विद्यार्थ्यांकडे गाड्या नाहीत, म्हणून दर दुसऱ्या शनिवारी काका आपल्या व्हॅनमध्ये आम्हा पाच-सहा जणांना कोंबून हॅरिसबर्गला किराणा आणायला न्यायचे. जायला दीड तास, यायला दीड तास. त्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि नव्या नजरेचं त्यांना इतकं कौतुक होतं की रस्त्यावरची प्रत्येक पाटी ते मोठ्यानं वाचायचे. "एक्झिट दोन माईल. डावीकडे टायरचं दुकान. त्याच्या मागे तो ससाणा बघा, खांबावर." आम्हाला ससाणा सोडा, खांबही दिसायचा नाही. काकू पुढच्या सीटवरून म्हणायच्या, "अहो, रस्ता बघा." तर म्हणायचे, "रस्ताही दिसतोय. सगळंच दिसतंय, हाच तर प्रॉब्लेम झालाय."

मला जेवायला बोलावणारी, आजारी पडले की डबा पोचवणारी ही माणसं. त्यांच्यासमोर थोडी मिरवायची हौस मला आलीच. गावातल्या मराठी मुलांची रविवारची शाळा पब्लिक लायब्ररीच्या एका खोलीत भरायची. काकूच शिकवायच्या, आणि प्रोजेक्टर लावणं, वायरी जोडणं ही कामं काकांची. मी काकूंना म्हटलं, या रविवारी मुलांना समुद्राच्या तळाशी नेते. अकरा वाजता लाइव्ह, आधी जहाज बघायचं, मग प्रश्न विचारायचे. गाईड बाई खूश झाल्या, शाळकरी मुलांशी संवाद म्हणजे अहवालात टाकायला चांगलं. गावातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप गेला आणि लगेच हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पडला. "आपली मुलगी", "प्राउड मोमेंट". खोटं कशाला सांगू, मी ते चार-चारदा वाचलं.

त्या रविवारी सकाळी तळघरात मी आणि गाईड बाई दोघीच होतो. कुणीतरी डोनट्सचा खोका ठेवून गेलं होतं. बोटीवर संध्याकाळ होत आली होती. यंत्र जहाजाच्या पुढच्या टोकापाशी नेलं होतं आणि मी पहिल्यांदाच ते टोक इतक्या जवळून बघत होते. फळ्या सरळ होत्या, सांधे घट्ट होते. एक आखूड जाड खुंट डेकमधून वर आलेला आणि त्याच्या पायाशी दोर. गोल गुंडाळून नीट ठेवलेला, वर गाळाची पातळ साय. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी काम संपवून तो गुंडाळून ठेवला असेल आणि जेवायला गेला असेल. माझ्यासारख्या इतिहासाचा कंटाळा असलेल्या बाईच्याही अंगावर काटा आला. पायलट हेडफोनमध्ये हळूच म्हणाला, "ओ माय." गाईड बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

आणि त्या खुंटाला अडकून, दोरावर अर्धी लोळत, एक प्लॅस्टिकची पिशवी होती. कुठल्याही दुकानात मिळते तशी पांढरी, दोन कानांची. बाजूला एक चेपलेला पेयाचा कॅन. दोन किलोमीटर खाली, जिथे किडासुद्धा पोचत नाही तिथे आपली पिशवी पोचली होती. आपण पृथ्वीवर घाण टाकायला एक जागा शिल्लक ठेवलेली नाही. तिथली गटारं, इथले कचऱ्याचे डबे, बोटींवरून कठड्यापलीकडे भिरकावणारे हात, सगळ्यांची एकदम चीड आली. त्या पिशवीत पाण्याच्या हालचालीनं हवा भरल्यासारखी व्हायची आणि ती फुगायची, परत बसायची. बघवत नव्हतं.

आता पुढचं. ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

मी घड्याळ बघितलं. अकराला पंधरा मिनिटं कमी होती. पाहुणे यायचे होते. आमच्या घरी पाहुणे यायच्या आधी आई जे करायची तेच माझ्या डोक्यात आलं. दिवाणावरची चादर ओढून घे, चपला आत टाक, वर्तमानपत्रं उचल, पंधरा मिनिटांत घर चकाचक. काकू येणार, काका येणार, मंडळातल्या चार आया येणार, आणि त्यांना पहिलं काय दिसणार तर कचरा. मुलं काय लक्षात ठेवतील, पिशवी. मी माइक दाबला आणि पायलटला म्हटलं, "मुलं यायच्या आधी ती पिशवी तेवढी काढता येईल का?"

ही माझी बुद्धी. संशोधनाची नाही, दिवाणखान्याची.

ज्या देशाच्या हद्दीत ते जहाज होतं त्यानं परवाना देताना एकच अट घातली होती, कशालाही हात लावायचा नाही. यंत्र जहाजाला टेकलं जरी, तरी मोहीम बंद. पायलटनं विचारलं, "हात तर लावता येणार नाही. एक पफ देऊ?" पफ म्हणजे यंत्राच्या पंख्याचा हलका झोत. गाळ बाजूला करायला हे लोक दिवसातून दहादा पफ देतात, आपण पुस्तकावरची धूळ फुंकतो तसा. त्या पंख्यात किती जोर आहे हे त्याला ठाऊक होतं, पण तो दोर आतून किती मऊ झालाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मागे वळून गाईड बाईंकडे बघितलं. त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि मान हलवली.

पिशवी उठली, गिरकी घेतली आणि पडद्याबाहेर गेली. मग सगळं करडं झालं. मिनिटभर नुसता गाळ तरंगत होता. तो बसला तेव्हा खुंट तिथेच होता, कॅनसुद्धा तिथेच होता. दोर नव्हता. फळीवर एक तपकिरी डाग होता आणि पाण्यात बारीक तुसं फिरत होती. ती तुसंही हळूहळू खाली बसली.

हेडफोनमध्ये पायलटचा श्वास ऐकू येत होता. मी गाईड बाईंकडे बघत राहिले. मला वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील, निदान खुर्चीत बसतील. त्यांनी कॉफीचा मग टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं आहेत. जहाजाच्या मागच्या बाजूला जाऊ या. सुकाणूचं वल्हं छान दिसतं."

"आणि नोंद?" मी विचारलं.

"नोंद करायलाच हवी." त्या शांतपणे म्हणाल्या. "पण अंदाज नकोत. तो दोर होता हे आपण कन्फर्म केलं होतं का? सॅम्पल घेतलं? मापं घेतली?"

"नाही, पण आपण दोघींनी बघितला."

"आपल्याला काय वाटलं ते वेगळं आणि आपण काय सिद्ध करू शकतो ते वेगळं. जे सिद्ध करू शकतो तेच लिही." मग माझ्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. "पुढच्या मोसमाचा परवाना या नोंदवहीवर ठरणार आहे. आणि तुझा थीसिस पुढच्या मोसमावर. हे तुला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. मोहीम बंद म्हणजे माझा नकाशा अर्धवट, नकाशा अर्धवट म्हणजे डिग्री नाही, डिग्री नाही म्हणजे व्हिसा संपला की नागपूर. त्यात आणखी एक सोय झाली होती. लाइव्हसाठी बोटीवर व्हिडिओची डिस्क बदलत होते, पुढच्या टोकापाशी होतो तेवढ्या वेळाचं रेकॉर्डिंग कुठेच नव्हतं. म्हणजे मी जे टाइप करीन तेच झालेलं. मी टाइप केलं, "डेकवरील सैल गाळाचा उंचवटा विखुरला. दृश्यमानता काही काळ कमी." एंटर दाबला. हाताला गाळ लागलेला नव्हता, तरी मी हात पँटला पुसले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी लायब्ररीतली मंडळी पडद्यावर आली. आपली माणसं पाच मिनिटं उशिरा म्हणजे वेळेवरच म्हणायची. मुलं पुढे जमिनीवर, आया मागे, काकू फळ्यापाशी. मी हसून बोलत होते. सुकाणूचं वल्हं दाखवलं, कुंभ दाखवले, किडे का नाहीत ते समजावलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं विचारलं, "Is there any gold?" दुसऱ्यानं विचारलं, "Are there skeletons?" गाईड बाई गोड हसत उत्तरं देत होत्या आणि मधल्या वेळात डोनट खात होत्या. त्यांच्या वरच्या ओठाला साखर लागली होती. ती साखर बघून मला कसंसंच झालं, मी नजर फिरवली.

मग माइक काकांच्या हातात गेला. ते मराठीतच बोलले.

"काय गं, मघाशी पुढच्या बाजूला दोर होता ना गुंडाळलेला? तो आता दिसला नाही. मी साडेदहालाच प्रोजेक्टर लावून बसलो होतो. तुमचं चित्र चालूच होतं."

मला हे सुचलंच नव्हतं. विमानाला चार तास आधी जाऊन बसणारा हा माणूस. खोलीत एकटाच, लायब्ररीच्या भल्यामोठ्या पडद्यासमोर, सगळं बघत बसला होता.

"मग धुरळा उठला," ते म्हणाले, "आणि तुम्ही तिकडून हललात. मुलांना दाखव ना तो दोर. आमच्याकडे होडीचा म्होरक्या, तांडेल, अगदी तसाच गुंडाळून ठेवायचा होडी लावली की."

गाईड बाईंना मराठी कळत नव्हतं. त्यांनी भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. मी त्यांना इंग्रजीत म्हणू शकले असते की ते दोराबद्दल विचारतायत. काकांना मराठीत म्हणू शकले असते की नंतर सांगते. एवढं जरी म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "दोर नव्हता काका. गाळ होता. गाळाचे असे गोल आकार होतात, फसायला होतं."

"नाही गं, त्याला पीळ होता. पीळ दिसत होता मला."

"सावली असेल काका. इथल्या लाइटमुळे होतं तसं. माझ्याकडे नोंद आहे ना, गाळच होता."

मागून एका बापानं आवाज टाकला, "काका, नवे डोळे रिटर्न करा, वॉरंटीत आहेत." सगळी खोली हसली. मुलं हसली, आया हसल्या, काकूही हसल्या. मीही हसले. मला तेच हसणं सगळ्यात जास्त आठवतं, माझं स्वतःचं, हेडफोनमध्ये मलाच ऐकू आलेलं.

"असेल, असेल," काका म्हणाले आणि माइक पुढच्या मुलाला दिला.

मंडळाच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत कौतुक चाललं. मी एकालाही उत्तर दिलं नाही. रूममेटनं विचारलं, लॅबमध्ये गेली होतीस का, वास येतोय. मी त्या दिवशी गाळाला हातही लावला नव्हता. पण तीनदा अंघोळ केली.

पुढच्या शनिवारी काकांचा फोन आला. या वेळी हॅरिसबर्ग जमणार नाही. त्याच्या पुढच्या वेळीही जमलं नाही. मग मी घरी गेले तेव्हा काका बाहेरच्या खोलीत बसले होते आणि वाचायचा दिवा भर दुपारी लावलेला होता. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं.

"डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतो परफेक्ट आहे सगळं. ह्यांचा विश्वास नाही. म्हणतात, मशीनला काय कळतंय. मला पीळ दिसला होता, नीट दिसला होता, आणि तो नव्हता. उद्या रस्त्यात माणूस असेल आणि मला दिसणार नाही, किंवा नसेल आणि दिसेल. गाडीत ती मुलं असतात."

"काकू, एवढं काही नाही हो," मी म्हटलं. याहून दळभद्री वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही.

"तूच समजाव ना त्यांना. तू त्यातली आहेस."

मी बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसले. ते म्हणाले, "बघ ना, माणसाला आपलं बिघडलेलं कळतच नाही. बरं झालं तू सांगितलंस. दुसरं कुणी तोंडावर बोललं नसतं." मी समजावलं ते असं: वय झालं की होतं, काळजी करू नका. मग काकूंनी केलेलं थालीपीठ खाल्लं. लोण्याचा गोळा वर, दोन थालीपीठं. घास घशाखाली उतरत होता याचीच मला किळस वाटत होती, आणि तरी तो उतरत होता.

महिन्याभरात काकांनी लायसन्स परत केलं, व्हॅन विकली. त्या गावात गाडी नाही म्हणजे माणूस घरात कोंडला. काका कॅम्पस बसनं लायब्ररीत यायला लागले, काठी घेऊन. काठीची त्यांना काहीच गरज नव्हती. मी त्यांना एकदा स्टॉपवर बघितलं, लांबून, आणि रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूनं गेले.

मला डिग्री मिळाली. मी कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला आले, फोटोच जोडते, आता रस्त्यांचे. चांगलं चाललंय. इथे इंडियन दुकानं पाच मिनिटांवर आहेत, एक नाही, चार. पहिल्या महिन्यात एका दुकानात फणसाचे गरे बघितले आणि काकांना फोन करावासा वाटला. केला नाही.

यंदा वसंतात त्या जहाजावरचा मोठा शोधनिबंध एका संशोधन-मासिकात छापून आला. माझं नाव तिसरं. मेलमधून फाइल आली ती मी ऑफिसच्या कँटीनमध्ये उघडली. नकाशा माझाच, सुरेख दिसत होता. त्याच्या खाली एक वाक्य होतं. पुढच्या टोकाच्या डेकवर दोर किंवा इतर कोणतीही नाशवंत वस्तू टिकल्याचा पुरावा नाही. खाली आधार म्हणून माझी नोंद, वेळेसकट. पुढच्या परिच्छेदात त्यावरून निष्कर्ष काढलेला, की जहाजाचा हा भाग बुडतानाच रिकामा होता. म्हणजे माझ्या एका ओळीनं आता त्या खलाशांच्या हातातला दोरही काढून घेतला होता. ज्यानं तो नीट गुंडाळून ठेवला तो माणूस तिथे कधी नव्हताच.

गाईड बाईंचा मेल वर होता, "Congratulations, all. Beautiful work." मी सगळं तसंच ठेवून बाथरूममध्ये गेले आणि ओकले. लोक म्हणतात तसं हलकं वगैरे काही वाटलं नाही.

त्या रविवारी सकाळी मी काकांना फोन केला. तिकडे दुपार. काकूंनी उचलला, कुठे होतीस इतके दिवस, असं चार वेळा म्हणाल्या आणि काकांना दिला. मी प्रस्तावना केली नाही.

"काका, तो दोरच होता."

मागे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"कुठला?"

"जहाजावरचा. तुम्हाला दिसला तो. पीळ होता त्याला. तुमचे डोळे बरोबर होते." मग मी थांबलेच नाही. पिशवी, पाहुणे, पफ, तपकिरी डाग, नोंदवही, सगळं सांगितलं. गाईड बाईंचंही सांगितलं, पण माइक मीच दाबला हे आधी सांगितलं. म्हटलं, मी त्या मासिकाला पत्र लिहितेय, नोंद खोटी होती असं कबूल करतेय. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

रागावतील असं वाटलं, रागावावं असंही वाटलं.

"वेढे किती होते?" त्यांनी विचारलं.

"कसले?"

"दोराचे. लिहिणार आहेस ना? मग वेढे किती, टोक कुठे, ते लिहायला नको?"

मी आठवायचा प्रयत्न केला. पिशवी लख्ख आठवत होती. तिचे कान, तिची घडी, ती फुगायची ते. दोराचं मला एवढंच आठवत होतं की तो होता.

"मी मोजले नव्हते, काका."

"अकरा," ते म्हणाले. "अकरा वेढे, आणि टोक मधून वर काढलेलं, खुंटाकडे तोंड करून. म्हणजे परत सोडताना गुंता होत नाही. मला दहा मिनिटं दुसरं काय काम होतं, मी दोनदा मोजले."

मी पेन शोधून ते लिहून घेतलं. मग म्हटलं, "काका, रेकॉर्डिंग नाहीये. पायलट बोलणार नाही, बाई तर नाहीच. बाहेरचे बघणारे तुम्ही एकटे. तुम्ही हेच मला लिहून द्याल का? सही करून?"

"देईन की." त्यांच्या आवाजात राग नव्हता, अडचण होती. "पण त्याचा तुला उपयोग होणार नाही गं. लायसन्स परत केलं ना, तेव्हा त्यांनी फॉर्मवर कारण विचारलं होतं. मी लिहिलंय, जे समोर नसतं ते मला दिसतं. त्याखाली माझी सही आहे."